नवरदेव फेंगडा काहून चालला

तर बंडीत सगळे बसलेले आणि नवरदेव एकटा उभा, इथवर काल येऊन थांबलो होतो. साल अठ्ठावन्न, वैशाखाचं ऊन, आणि दर्यापूरच्या अंगाच्या निंभोऱ्याहून मूर्तिजापूरकडे निघालेलं वऱ्हाड. चाक भेगेत गेलं की माणसं एकमेकांच्या अंगावर पडत, हसत, पुन्हा सावरून बसत. देवीदास मात्र दोन्ही बाजूंचे दांडे धरून, पाय फाकवून, पिकातल्या बुजगावण्यासारखा उभा. अंगाला ओली हळद, डोक्याला फेटा, आणि प्रत्येक धक्क्याला डोळे घट्ट मिटून घ्यायचा.

"बस ना बे," त्याचा बाप शेषराव म्हणाला. "दोन कोस झाले, खांबावानी उभा हायेस."

"धोतराले चुण्या पडतीन."

"पडल्या त पडल्या. तुयं लगन धोतरासंग हाये काय?"

अख्खी बंडी हसली. मागच्या कडेला मांडीवर धोपटी घेऊन बसलेला मोतीराम म्हाली, गावचा न्हावी, तेवढा हसला नाही. वस्तरे, कैच्या, नराणी, चिमटा असं सगळं हत्यार ज्या कातडी पिशवीत राहतं ती धोपटी, आणि मोतीराम ती कधी जमिनीवर ठेवत नसे. तीस वर्षं त्यानं गावातल्या पुरुषांची डोकी हातात धरली होती. पण माणूस ओळखायचा तो चालीवरून. देवीदासचं उभं राहणं पाहूनच त्याच्या मनात आलं, पोट्ट्यानं घोळ केला.

आता मोतीरामची ओळख नीट करून दिली पाहिजे. निंभोऱ्यात विहिरीजवळच्या निंबाखाली त्याचं एक पोतं अंथरलेलं असे, समोर एक गुळगुळीत दगड गिऱ्हाइकाला बसायला. तिथं दाढी व्हायची, डोकं व्हायचं आणि बगलाही व्हायच्या, भर बाजारच्या दिवशी. पाटील असो की गडी, एक हात वर करून, सरकीचा भाव काय निघाला ते शेजारच्याला सांगत बसलेला असायचा. बगलेपर्यंत गावाचा कारभार उघडा. त्याच्याखाली मात्र ज्यानं त्यानं आपलं पाहायचं. आणि पाहायचं कसं, तर एकजण भावाचं टाकून दिलेलं पातं घ्यायचा, दुसरा बैलाची शेपटी कातरायची कैची घ्यायचा, तिसरा अंधाऱ्या न्हाणीत उभ्या उभ्या वस्तरा फिरवायचा. तिसऱ्या दिवशी तिघंही मोतीरामच्या दगडाजवळ येऊन उभे. बसत नसत.

मोतीरामचा बाप डोमाजी अशा वेळी काही बोलत नसे, नुसता मान हलवायचा. मोतीरामला ते पटेना. पण सांगायचं तर सांगायचं कसं? वयात आलेल्या पोराजवळ विषय काढला की पोरगं उठून पळे, आणि म्हाताऱ्याजवळ काढला तर म्हातारा उठून मारे. शेवटी त्याला युक्ती सुचली. तोंडाला कानापासून कानापर्यंत फेस लावायचा, वस्तरा नरड्यावर ठेवायचा आणि मग बोलायचं. माणूस हसू शकत नाही, पळू शकत नाही, आणि नाही म्हणायला तोंड उघडलं तर साबण आत जातो. निंभोऱ्यातला प्रत्येक नवरदेव लग्नाआधी या फेसाच्या शाळेत बसून आला होता. देवीदासही बसला होता, लग्नाच्या आठ दिवस आधी.

पण देवीदास म्याट्रिक. मोतीरामच्या कैचीपेक्षा त्याला जास्त भरवसा होता तो कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत ऐकलेल्या भाषणावर. एक सुरमा घातलेला माणूस मेजावर उभा राहून पांढरी भुकटी विकत होता. त्यानं ती पाण्यात कालवून आपल्या मनगटावर लावली, पाच मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसली, आणि मनगट केळीच्या सोपासारखं गुळगुळीत निघालं. ना वस्तरा, ना म्हाली. देवीदासनं पुडी घेतली आणि सहा महिने ट्रंकेत जपून ठेवली.

हे सगळं मोतीरामला कळलं ते वाटेतल्या मळ्यात. बैलांना पाणी पाजायला बंड्या थांबल्या, तसा मोतीरामनं विहिरीवरचा एक डोल भरून घेतला आणि नवरदेवाला संत्र्याच्या झाडांमागं नेलं.

"सोड धोतर."

"काका, मले काई झालं नाई."

"ज्याले काई झालं नसते तो बसते. सोड."

देवीदासनं आभाळाकडं पाहत धोतर सोडलं. मोतीरामनं पाहिलं. लाल झालं होतं, आणि सडलेल्या अंड्यासारखा वास येत होता.

"पाच मिन्टं सांगतले होते त्यानं," देवीदास पुटपुटला.

"मंग?"

"मंग हळदीच्या बाया आल्या. अंगणात गाणे म्हनत बसल्या. न्हाणीतली घागर बी त्याइनं नेली, हळद कालवाले. मी आत, भुकटी लावून. पाणी नाई, अन् बाहेर याचं त कसं याचं?"

"किती वेळ?"

"तीन गाणे झाले."

मोतीरामनं हसू गिळलं. तांब्यावर तांब्या थंड पाणी सोडत राहिला, डोल संपला तसा दुसरा आणला. काही लावलं नाही, चोळलं नाही. धोपटीतून धुतलेलं मलमलीचं फडकं काढून दिलं आणि सांगितलं, "काष्टा घालू नको, नुसतं गुंडाळ. फोड आला त दवाखान्यात जा लागन, मांडवातून उठून बी. अन् ते भुकटी हातापायाची व्हय, बह्याडा. त्यानं मनगटावर लावून दाखवली, थ्या जागेवर लावून दाखवली काय?"

"काका, धोपटीची आण हाये तुमाले. कोणाले सांगजा नोका. बाबाले बी नाई."

धोपटीची आण ही मोतीरामसाठी फार मोठी गोष्ट. कपड्याखाली पाहिलेलं दुसऱ्याच्या कानाला सांगायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्याचं पोतं तीस वर्षं निंबाखाली टिकून होतं. त्यानं धोपटीवर हात ठेवला.

आणि तिथंच तो अडकला. कारण मुलीच्या गावी पोचल्यावर मारुतीच्या पारापाशी काय उभं होतं, तर घोडा. पांढरा, झूल घातलेला, वाजंत्र्यांच्या पुढं पाय आपटत. देवीदासनं घोड्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा हळदीहून पिवळा झाला.

"मी पायी येतो," तो म्हणाला. आणि चार पावलं चालून दाखवली, तिथंच सगळं बिघडलं. त्या चार पावलांत दोन पायांमधून एक वासरू आरामात निघून गेलं असतं.

मुलीची आत्या मनकर्णा पुढंच उभी होती. तिनं ओवाळायचं ताट खाली ठेवलं. "पोट्ट्यात खोट हाये," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पाहाले आले तवा पाटावर बसून होता, चाल कोणी पाहिली नाई. माया बेबीले फेंगड्याच्या मांगं जन्मभर पाठवता काय?"

वाजंत्री थांबली. शेषराव शपथा खाऊ लागला की पोरगं काल धडधाकट होतं. पण आज काय झालं हे त्यालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याच्या शपथा कोणाच्या कानात शिरेनात. मुलीचा बाप खुशालराव मोठा करारी माणूस. "खरं काय थे समजल्याशिवाय अक्षता पडनार नाईत," एवढं म्हणाला आणि मोतीरामला घेऊन घरात गेला. लोकांना दिसायला निमित्त दाढीचं.

खोलीचं दार लोटून खुशालराव म्हणाला, "नवरदेवाचं आंग म्हाल्याले मालूम असते. बोल."

"मले आण हाये, मालक."

"म्हनजे काईतरी हाये."

"काई हाये असं बी म्या म्हनलं नाई."

"मंग तुमच्या बंड्या फिरवा."

मोतीरामनं मनाशी हिशेब केला. बोललो तर धोपटीची आण मोडते, आणि पोरगा सासरच्या गावात जन्मभराचं हसं होतो. नाही बोललो तर लग्नच मोडतं. हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यानं वाटीत पाणी घेतलं. "बसा मालक, दाढी त करून घ्या."

"उभ्यानं कर."

तीस वर्षांत मोतीरामला उभ्यानं दाढी कर म्हणणारा माणूस भेटला नव्हता. त्यानं मान वर केली. मग हळूहळू नजर खाली नेली. घरात लेकीचं लग्न, अंगावर नवंकोरं धोतर, आणि वधूपित्यानं काष्टा घातलेला नाही. नुसतं गुंडाळलेलं. मोतीरामनं साबण लावायच्या निमित्तानं एक पाऊल पुढं टाकलं आणि श्वास घेतला. वर अत्तर होतं, हिन्याचं, भरपूर. आणि अत्तराच्या खाली तोच वास, जो त्यानं सकाळी दोन डोल पाण्यानं धुतला होता.

मोतीरामच्या जिवात जीव आला. त्यानं ब्रश घेतला आणि खुशालरावच्या तोंडाला फेस लावला, कानापासून कानापर्यंत, मग ओठांवर, मग पुन्हा ओठांवर. वस्तरा नरड्याशी नेला.

"नवरदेवाचं मी काई सांगनार नाई," तो म्हणाला. "पण आपलं असंच एक सांगतो, कोणाचंच नाई. मानसाले वाटते, लगनघर हाये, उन्हाया हाये, घाम येते, जराक साफ व्हावं. वाटाले काई हरकत नाई. पण त्याची एक रीत हाये. आदी कोमट पान्यानं आंघोय कराव, केस नरम होते. उजेडात बसाव, उभ्यानं नाई, घाईत नाई. कैची आपली सोताची, उकयलेल्या पान्यातून काढलेली. तांदळाच्या दान्याइतके ठेवून कापाव, भुईसपाट कराची गरज नसते, थे का दाढी व्हय चार लोकाइले दाखवाची? पातं लावाचंच असंन त कोरं लावाव, साबण लावून, कातडं तानून, केस जिकडे वयते तिकडेच न्याव, उलटं नाई. मान हालवू नोका मालक."

खुशालराव मान हलवत नव्हता. डोळे मात्र भिंतीवरच्या आरशात मोतीरामच्या चेहऱ्यावर खिळले होते.

"मंग थंड पानी. तुरटी नाई, अत्तर त बिलकुल नाई. ढिलं कापड. अन् हे सारं लगनाच्या चार दिवस आदी, त्याच दिवशी सकाऊन नाई. आता कोणी मानूस ह्या गरीब म्हाल्याचं आयकत नाई. कार्तिकात कौंडण्यपूरले जाते, मेजावर उभा असलेल्याचं आयकते, अन् भुकटी घेऊन येते. मंग त्याले बसता येत नाई, काष्टा घालता येत नाई, उभ्यानं दाढी करा लागते. असा मानूस वाईट असते काय? खोट असते काय त्याच्यात? चार दिवस थंड पानी अन् ढिलं धोतर, मंग पयल्यावानी चालते. त्याले घोड्यावर तेवढं बसवू नये कोणी. बस, झालं."

वस्तरा पुसला. फेसाखालून खुशालरावचा चेहरा निघाला तो तांबडालाल. त्यानं दार नीट लोटलेलं आहे ना ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "किती तांबे?"

"दोन डोल. रिकामे होईपर्यंत."

खुशालराव न्हाणीत गेला. बाहेर मंडळींना वाटलं, आत काही भारी खलबत चाललंय. अर्ध्या घटकेनं तो पारापाशी आला आणि म्हणाला, "घोडा सोडून द्या. आमच्या घरचा जावई पायी येते. अन् सासरा त्याच्या संग चालते."

"कधीपासून?" मनकर्णानं विचारलं.

"आजपासून."

मग वाजंत्री पुढं, आणि मागं सासरा-जावई जोडीनं, दोघंही पाय फाकवून, दोन बदकं तळ्याकडं निघावीत तसे. मांडवापर्यंतचा रस्ता लहान, पण त्यांना तो पुरून उरला. अर्ध्या वाटेवर देवीदासनं सासऱ्याच्या चालीकडं पाहिलं, सासऱ्यानं जावयाच्या चालीकडं, आणि दोघंही लगेच समोर पाहायला लागले. अक्षता पडल्या. देवीदासनंच हे सगळं नातवंडं झाल्यावर स्वतःच्या तोंडानं सांगितलं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. मोतीरामच्या तोंडून यातला एक शब्द कोणी ऐकला नाही.

पण गंमत पुढंच आहे. बेबीचा संसार उत्तम झाला, दोन पोरं झाली, संत्र्याची बाग वाढली. मनकर्णा आत्यानं त्याचं कारण शोधून काढलं. सहासष्टला बेबीच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं तेव्हा तिनं नवरदेवाला बजावलं, या घरचा जावई पायी येतो, आणि पाय फाकवून येतो, थोरला आला तसा. खुशालरावनं विरोध करायला तोंड उघडलं आणि मिटलं. विरोध करायचा तर कारण सांगावं लागणार.

नवरदेव ओमप्रकाश अकोल्याचा, जिनिंगमध्ये कारकून, चौकस. मोतीराम तोवर दोन्ही घरचा मानाचा म्हाली झाला होता. दाढीला बसलेल्या ओमप्रकाशनं फेस लागायच्या आधीच विचारून घेतलं, "मोतीरामकाका, तुमी पयल्या लगनात होते. हे फेंगडं चालाची रीत काहून पडली या घरात?"

दारात खुशालराव उभा होता. त्याच्यामागं देवीदास. दोघांनीही श्वास रोखला. मोतीरामनं ब्रश पाण्यात बुडवला, साबणावर सावकाश फिरवला, आणि म्हणाला,

"जावईबापू, रीतीचं कारण म्हाल्याले मालूम नसते. तुमी फक्त जत्रेतली पुडी असंन त मायाजवळ द्या, हे कैची घ्या, अन् आता तोंड मिटा, मले जरा बोलाचं हाये."