आक्कांचं सोमवारचं औषध

शेवटची भेट कुंडलला त्यांच्या पडवीत झाली. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. खाटेवर उशांना टेकवून बसवलेल्या, इतक्या वाळलेल्या की लुगड्यात माणूस शोधावा लागावा. मी कराडजवळच्या मलकापूरहून, आमच्या आताच्या घरून, एसटीनं गेलेली, उन्हानं लालबुंद. त्यांची तब्येत विचारायच्या आत त्यांनीच माझ्या कपाळाकडं निरखून बघितलं. "खाऊन निघालीस का न्हाई?" चहा घेतलाय म्हटल्यावर हात झटकला. "चा म्हंजी खाणं व्हय गं? म्हातारी झालीस, पर अक्कल काय आली न्हाई." एवढं बोलायला त्यांना मध्ये मध्ये थांबावं लागलं... पण बोलल्या. महिन्याच्या आतच त्यांची सून शोभा हिचा फोन आला, "काकी, आत्या गेल्या."

मला अर्धशिशी, लग्नाआधीपासूनची. सूर्य वर चढू लागला की डाव्या भुवईच्या आत कुणीतरी सांडशीनं पिळायला लागायचं, मग उलट्या, मग अंधारी खोली. सांगलीला वडिलांच्या घरी याचं कौतुकच व्हायचं. कुंडलला मात्र उसाचं रान, गोठा आणि पहाटे उठणारं घर, आणि त्यात ही नवी सून डोक्याला फडकं बांधून आडवी. गावातल्या बायांनी उपाय सांगण्यात कसर ठेवली नाही. सुंठ उगाळून लेप झाला, त्यानं दुखणं राहिलं आणि कपाळाची कातडी गेली. गाईच्या तुपाचे थेंब नाकात झाले. कुणी सांगितलं, उजाडायच्या आत कुणाशी न बोलता दूध-जिलेबी खायची. हा उपाय मला मनापासून पटला. गुण शून्य, पण मी तो फार निष्ठेनं केला. जिलेबी आणून आणून आमचे हे कंटाळले तेव्हाच थांबला.

मग एकदा आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, चुलीपुढं सगळ्यांदेखत म्हणाल्या, "दिवाळीला हिला सांगलीला घालवा. बरी झाली तर आणू." त्या 'तर'चा अर्थ मला बरोबर कळला. आमच्याच आळीत अशीच एक सून माहेरी घालवली होती आणि तिच्या जागेवर आता दुसरी पाणी भरत होती. सांगलीची शिकलेली मुलगी, एरवी तोंडाचा पट्टा चालू, पण तेव्हा मान खाली घालून नुसती लसूण सोलत राहिले. आक्का भाकरी थापत होत्या. मागं न बघता म्हणाल्या, "दिवाळीपतुर हिचं डोकं माझ्याकडं."

मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "दुखल्यावर काय करायचं ते समद्यांस्नी ठावं हाय. दुखूच द्यायचं न्हाई, ते बघाय पायजे." आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्यावर पाळत ठेवली. रात्री भिजवलेल्या धन्यांचं पाणी सकाळी गाळून हातात. तुळस-आल्याचा काढा. रानात तण काढायला, भांगलणीला निघाले की डोईवर ओलं फडकं. चुलीला ओली लाकडं असली की मला गोठ्यात पिटाळायचं. जेवणाला उशीर झाला की माझ्या कपाळाकडं बघून ताट पुढं सरकायचं. दुखण्याच्या खेपा कमी होऊ लागल्या. सोमवार मात्र चुकेना.

त्याचं कारण मी स्वतः. मूल व्हावं म्हणून मी सोळा सोमवार धरले होते आणि तेही निरंकार, दिवसभर नुसतं पाणी. कुणी सांगितलं नव्हतं. देवाला दाखवण्यापेक्षा आत्याबाईंना दाखवण्याची हौस जास्त! दुपारी डोकं उठलं की मला वाटायचं, शंकर माझी परीक्षा बघतोय. त्याला दुसरी कामं नसावीत असा माझा समज होता.

एका सोमवारी सकाळी आक्कांनी वाटी पुढं केली. आत तपकिरी, तुपानं मळलेला गोळा. "डोंगरातल्या मुळ्या कुटून केलंय. गिळ."

"पण आक्का, उपास..."

"औषधानं उपास मोडतो व्हय?"

खाल्लं. गोड, शेवटी सुंठीचा झटका. आणि त्या सोमवारी डोकं गप्प राहिलं. पुढच्याही राहिलं. मी गावभर सांगत सुटले, काय ती मुळी, काय तो गुण! बायका आक्कांकडं मुळी मागायला यायला लागल्या आणि आक्का त्यांना म्हणायच्या, "ती एकाच डोक्याला लागू हाय."

दिवाळीला मी रिवाजापुरतीच माहेरी गेले आणि भाऊबीज होताच आणायला बैलगाडी स्टेशनवर हजर. सांगलीत वडिलांच्या ओळखीच्या वैद्यांना मी ते औषध मोठ्या ऐटीत दाखवलं होतं. त्यांनी जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. "डाळ्याचं पीठ, गूळ, तूप, चवीला सुंठ. उत्तम औषध आहे. भूक लागली की घ्यावं." वडील हसून हसून खोकले. मी रागानं पेटले आणि कुंडलला पाय टाकताच आक्कांवर तुटून पडले, "माझे सगळे सोमवार मोडलेत तुम्ही!"

"मोडलं तर माझ्या नावावर मोडलं. महादेव काय इचारायचं ते मला इचारंल. तू घरात हायस न्हवं?"

पुढच्या वर्षी मुलगा झाला. सोमवारांनी झाला की डाळ्याच्या पिठानं, ते त्या महादेवालाच माहीत. आता कराडच्या डॉक्टरांच्या गोळ्या मी नेमानं घेते. हे वाचून कुणी आपल्या गोळ्या बंद करू नका, नाहीतर आक्का मलाच वरून बोल लावतील.

त्या गेल्या त्या सकाळी मी होते तशी निघाले. पडवीत त्यांना ठेवलेलं, उशाला दिवा. पुण्याहून लेक यायची होती, तोवर उचलायचं नव्हतं. घरात चूल थंड. ऊन अंगणभर पसरलं आणि रडता रडता माझी डावी भुवई ठणकायला लागली. तेवढ्यात शोभा बायकांमधून वाट काढत आली आणि तिनं माझ्या हातात वाटी ठेवली.

मयत घरात असताना आमच्याकडं कुणी तोंडात काही घालत नाही. सगळ्यांच्या नजरा वाटीकडं. मी पुटपुटले, "शोभा, अगं लोक बघताहेत..."

"काकी, आत्यांनी गेल्या आठवड्यातच करून घेतलंय माझ्याकडनं. म्हणाल्या, मी गेल्याव धाकटी रडत बसंल, खायाची न्हाई. पयलं तिला द्या, मग माझं बघा." आणि मग बायकांकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "औषध हाय त्यांचं."

मी आक्कांच्या पायाशी बसून वाटी पुसून खाल्ली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रडले... पण डोकं दुखलं नाही.