मिनिमम भरलं तरी चालतं

हे मी घरात कधीच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुला सांगतेय, कारण तू मला ओळखत नाहीस — आणि गप्प बसायचा आता कंटाळा आलाय.

तसं बघायला गेलं तर मी काही चोरी केली नाही... बघ, सुरुवातच कशी झाली. हीच खोड माझी, आधी काय केलं नाही ते सांगायचं.

कांजूरमार्गला आमच्या समोरच्या दारात प्रभा काकी राहते. सख्खी नव्हे, शेजारची. मालवणकडची, बोलायला फटकळ, मनाने सरळ. घरी मसाला करून विकते. नवरा गेल्यावर त्याच मसाल्यावर तिनं मुलीला, रुपालीला, शिकवलं. आमच्या मजल्यावर कुणी शिंकलं नाही असा दिवस जात नाही. आणि एक गोष्ट — लाईटबिल, विमा, भिशी, काकीचं काहीही तारखेच्या पुढे गेलेलं मी पाहिलेलं नाही. तिचा केवढा अभिमान त्यात. ‘आमचो हप्तो कधी चुकणा नाय’, असं ती येता-जाता ऐकवायची. मी नेमकं तेच धरलं.

तेव्हा मी घाटकोपरच्या एका मॉलमध्ये क्रेडिट कार्डांच्या स्टॉलवर उभी असायचे. महिन्याचा आकडा भरला नाही की साहेब सगळ्यांसमोर सोलून काढायचा. महिना संपायला दोन दिवस होते, मला एक कार्ड कमी पडत होतं, आणि काकीला साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून मसाल्याची चक्की घ्यायची होती. चाळीस हजारांची. ती पैसे साठवत होती. अजून सहा-सात महिने थांबली असती तर रोखीने घेतली असती. मी थांबू दिलं नाही; कार्ड काढून त्यावर घ्यायला लावली.

तिचा प्रश्न एकच होता, महिन्याला भरायचं किती? आणि मी म्हटलं, बिलावर मिनिमम म्हणून रक्कम येते ना, ती भरली तरी चालतं. हप्ता समज, काकी.

हप्ता! हप्ता भरत गेलं की कर्ज संपतं, हे तिला आयुष्यभर माहीत. मिनिममने ते संपत नाही. दंड लागत नाही एवढंच. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज चढतं, वर कर. आणि जुनी बाकी आहे तोवर नवीन काही घेतलं तर त्यावरही पहिल्या दिवसापासून. हे मला माहीत नव्हतं का? पाठ होतं. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

तू म्हणशील, आकड्यासाठी एकदा खोटं बोललीस, नोकरीत होतं असं. मीही स्वतःला हेच सांगायचे. पण खरी गोष्ट पुढेच आहे. काकीचा फोनवर विश्वास नाही. दर महिन्याला ती रोख पैसे माझ्या हातात द्यायची आणि मी माझ्या फोनवरून भरायचे. म्हणजे दर महिन्याला तिचं बिल मी उघडून बघायचे. बाकी किती, व्याज किती, सगळं. चार महिन्यांत मी ती नोकरी सोडली, साहेब गेला, आकडा गेला. मग कुणाची भीती होती? तरी गप्प. कारण काकी अख्ख्या बिल्डिंगला सांगत होती, सोनलमुळे माझी चक्की आली. पैशांबरोबर मसाल्याचं पाकीट द्यायची. मी ते घ्यायचे — आणि त्याच मसाल्याची कोंबडी करून खायचे गं.

दोन वर्षं. चक्कीच्या किमतीपेक्षा जास्त भरून झाले होते आणि एकतीस हजार अजून बाकी होते. एक फोन करून ती रक्कम कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून घेता आली असती. मी तो फोनही केला नाही. केला असता तर काकीनं विचारलं असतं, आधी का नाही केलास?

मग रुपालीला अंधेरीत नोकरी लागली आणि तिच्या हातात पहिलं कार्ड आलं. काकी तिला माझ्यासमोर बसवून म्हणाली, हिका शिकव. मी शिकवायला लागले. बिलाची पूर्ण रक्कम भरायची. खात्यात जेवढे पैसे आहेत तेवढ्याचंच कार्डावर घ्यायचं. पॉइंटांसाठी खरेदी करायची नाही. एटीएममधून कार्डावर पैसे काढायचे नाहीत. आणि मिनिमम — तिथे माझी जीभ अडली. मागे काकी चक्की चालवत होती. मी म्हटलं, मिनिममवर कधी राहू नकोस.

चक्की बंद झाली.

नियम बदललेत काकी, असं म्हणता आलं असतं. तिनं मानलंही असतं. ओठांवर होतं माझ्या. पण रुपाली वहीत लिहून घेत होती, एकेक शब्द. मी म्हटलं, काकी, तुला मी खोटं सांगितलं होतं.

“तेवा तुका म्हायत होता?”

“हो.”

ती आत गेली. मला वाटलं, संपलं. ती बाहेर आली ती बिलांची पिशवी घेऊन. समोर बसली. “बाकी किती ता सांग. आणि आता खरा सांग.”

त्याच दुपारी आम्ही बँकेला फोन लावला आणि बाकीचे हप्ते करून घेतले. थोडे मी भरते म्हटलं. तिनं मान हलवली, नको. पैसे द्यायला ती पुन्हा आली नाही. रुपालीनं तिला फोनवरून भरायला शिकवलं. मसाल्याचं पाकीटही आलं नाही. हे तिनं बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितलं नाही, आणि तिच्या त्या गप्प बसण्याचा आडोसा मी आजवर घेतला. तोही माझाच दोष.

गेल्या आठवड्यात तिनं बेल वाजवली. मी दार उघडलं. उंबऱ्यापलीकडे उभं राहून तिनं बिल माझ्यासमोर धरलं. एकूण बाकी, शून्य. मी घ्यायला हात पुढे केला. तिनं कागद दिला नाही. “वाच नुसता,” म्हणाली. मी वाचलं, मोठ्याने. तिनं कागदाची घडी केली आणि घरी गेली. थोड्या वेळाने चक्की सुरू झाली.