शिरुईचा राग

एडिल्मा अवानारीच्या हाताला यश होतं, आणि त्या यशापायीच बाई अडकून पडली होती. जंगलातल्या इकितोस शहरात नानाय नदीच्या काठी अब्नेर रेंगिफोचं माशांचं गोदाम आहे. नदीत धरलेले शोभेचे मासे तिथून पिशव्यांत भरून विमानानं परदेशी जातात. एडिल्मा तिथं तेवीस वर्षं पिशव्या भरत होती, आणि तिनं बांधलेल्या पिशवीत मासा मरत नाही असं सगळ्या काठावर बोललं जायचं. उगाच नाही. दोन दिवस माशांना उपाशी ठेवायचं, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. एक भाग पाणी घालायचं, दोन भाग सिलिंडरची हवा. पिशवीचे खालचे कोपरे दुमडून चिकटपट्टी लावायची, नाहीतर लहान मासा कोपऱ्यात शिरतो आणि चेंगरून मरतो. हे सगळ्याच बायका करत. एडिल्मा केलेलं पुन्हा बघायची, तिसऱ्यांदा बघायची, आणि मगच पेटीवर काळ्या शाईनं आपली खूण काढायची. जर्मनीचं मोठं गिऱ्हाईक ती खूण बघूनच माल घ्यायचं. खूण केलेली पेटी तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी उघडली तर त्याच दिवशी घरी, असा मालकाचा नियम होता.

बाकीच्या बायका म्हणायच्या, काय थाट आहे बाईचा. थाट कसला डोंबलाचा! तिची मुलगी सुलेमी लग्न करून राजधानीला, लिमाला गेली त्याला सहा वर्षं झाली होती, आणि एडिल्मानं तिचं घर अजून पाहिलं नव्हतं. इकितोसहून बाहेर जायला रस्ता नाही. नदीनं जा, नाहीतर विमानानं. तिचे मासे दर आठवड्याला विमानात बसायचे, ती कधी बसली नव्हती. दोन वर्षांपूर्वी सुलेमीचं पहिलं बाळ मेलेलं जन्मलं, तेव्हा ही पिशव्यांना रबर लावत होती. फोनवर लेक रडत राहिली आणि हिचे हात चालूच राहिले, कारण गाडी दारात उभी होती. ते तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

आता सुलेमीला पुन्हा दिवस गेले होते. आठवा सरत आला होता.

"आई, या खेपेला मी एकटी नाही राहणार," ती फोनवर म्हणाली. "येणार आहेस की नाही, ते एकदाचं सांगून टाक."

एडिल्मानं मालकाला मार्चमध्येच विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला, जूनमधला सान हुआनचा सण होऊन जाऊ दे. सण झाला, पानात बांधलेला भात खाऊन झाला, तर म्हणाला, नदी उतरलीय, मासा आत्ताच गावतो, आत्ता कशी सोडू? सप्टेंबरात ती पुन्हा त्याच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"मालक, दोन महिने फक्त. लेकीचं बाळंतपण करते आणि परत येते."

"तू गेलीस की गिऱ्हाईक गेलं. गिऱ्हाईक गेलं की या सहाजणींच्या चुली बंद. त्यांना तू सांगतेस, का मी सांगू?"

"निल्सा आहे की. माझ्या भावाची पोर. सगळं शिकवलंय मी तिला."

"निल्साची खूण कुणाला हवीय, बाई? लोक एडिल्मा मागतात. नशीबवान आहेस. मला तर घरी बायकोसुद्धा विचारत नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर तो पोट हलवत हसला.

हसणारच. त्याचं काय जातंय? एडिल्मा टाक्यांमधून परत आली ती आतून जळत. निल्सा तिथं वाकून मासे निवडत होती. एकतीस वर्षांची, नवरा सोडून गेलेला, दोन लेकरं पदरात. या सहाजणींत तीही होती. तिची चूल विझवून एडिल्मा कुठं जाणार होती?

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी टाकी धुता धुता तिला ते सुचलं. एका पेटीनं गिऱ्हाईक तुटत नाही, शंभरात चार-पाच मासे मेलेले ते चालवून घेतं. पण तिच्या खुणेची एक अख्खी पेटी मेलेली निघाली, तर तिचं नाव जाईल. म्हातारीचा हात गेला म्हणतील, निल्साला तिच्या जागी बसवतील, आणि हिला जा म्हणतील. हिला तेवढंच हवं होतं.

पुढच्या मंगळवारी शिरुई भरायची होती. शिरुई म्हणजे बोटाएवढा, मिश्या असलेला, तळाशी राहणारा मासा. दिसायला गरीब, पण घाबरला की अंगातून विष सोडतो. ते नदीत वाहून जातं, बंद पिशवीत मात्र तो स्वतःच्याच विषानं मरतो. म्हणून गोदामात त्याचा आधी राग काढतात. टबात घेऊन पाणी हातानं ढवळत राहायचं, फेस आला की ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात मासा भरायचा. नवी बाई कामाला आली की एडिल्मा तिला पहिलं हेच शिकवायची.

त्या सकाळी तिनं एका पेटीच्या दहा पिशव्या राग न काढताच भरल्या. बाकी सगळं नेमकं केलं, कोपरे दुमडले, हवा भरली, रबर लावलं. तेवीस वर्षांत तिनं जाणूनबुजून एक मासा मारला नव्हता. मग पेटीवर खूण काढली. "मला जरा बरं वाटत नाही, जेवून येते," असं निल्साला सांगून ती धक्क्यावर जाऊन बसली, आणि काही न खाता तासभर नुसतं पाणी बघत राहिली. बिचाऱ्या माशांनी तिचं काय वाकडं केलं होतं? पण सुलेमीनं तरी काय केलं होतं?

ती परतली तेव्हा गाडी पेट्या घेऊन गेली होती.

शुक्रवारी मालक फोन नाचवत आत आला. एडिल्मानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"ऐका गं सगळ्या! चाळीस पेट्या, आणि एडिल्माच्या पेट्यांत मेलेले शून्य. शून्य! नाताळापर्यंत दुप्पट माल मागितलाय त्यांनी. अट एकच, खूण एडिल्माची."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. एडिल्माला काही कळेना. राग न काढलेली शिरुई दोन दिवस पिशवीत जगली? असं कधी झालं नव्हतं, होणंच शक्य नव्हतं.

दुपारी निल्सानं तिला टाक्यांच्या मागं ओढून नेलं.

"आत्या, एक सांगायचंय. ओरडू नकोस हं."

"बोल."

"मंगळवारी तू जेवायला गेलीस ना, तेव्हा तुझी एक पेटी मी उघडली." निल्साचा आवाज अगदी खाली गेला. "झाकण नीट बसलं नव्हतं म्हणून बघायला गेले, तर पिशव्यांतल्या पाण्याला फेस. राग काढायचा राहून गेला होता तुझ्याकडून. मालक कागद आणायला गेला होता, बायका जेवत होत्या. दहाच्या दहा पिशव्या मी पुन्हा भरल्या. तू शिकवलंस तशाच."

एडिल्मानं टाकीच्या कडेला हात टेकला. पोरीचा हात तिच्याइतकाच बसला होता. आणि ते मालकाला सांगायला जावं, तर खुणेची पेटी उघडली म्हणून पोर संध्याकाळी घरी.

"कुणाला कळलेलं नाही, आणि मी मेले तरी बोलणार नाही," निल्सा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "दमलीयेस तू, होतं असं. यापुढं तुझी प्रत्येक पेटी मी गुपचूप बघत जाईन. मी आहे तोवर तुला इथून कुणी काढू शकणार नाही, आत्या."

एडिल्मानं तिला जवळ घेतलं. "गुणाची गं माझी पोर," ती म्हणाली.

मग ती बाहेर आली, ओले हात पुसले, सुलेमीला फोन लावला आणि बाळंतपणाला सासूला बोलावून घे म्हणून सांगितलं.