कर्णेबाईंचा आवाज आणि ताईंच्या माश्या

बसस्थानकावरचे ड्रायव्हर त्यांना कर्णेबाई म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हे. फलाटांच्या खांबाखांबावर पत्र्याचे कर्णे लटकत होते आणि त्यांतून दिवसभर जो आवाज बाहेर पडे तो या बाईंचा, एवढाच त्या नावाचा उगम. कोणती गाडी कुठे लागली, कोणती खोळंबली, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी भोकाड पसरून बसलंय, सगळं गावाला कळायचं ते त्यांच्या तोंडून. आवाज शेंबड्या पोरालाही ओळखू यायचा, चेहरा मात्र कुणालाच नाही. बाजारात त्यांनी नुसतं “टोमॅटो कसे दिले?” विचारलं, तरी भाजीवाला दचकून वर कर्णा शोधायचा.

एका दुपारी हा आवाज फाटला. “प्रवाशांनी कृपया” इथपर्यंत आला आणि पुढे कर्ण्यांतून नुसती हवा. फलाटावरचे लोक हसले. वर घोषणांच्या खोलीत बाईंनी माइकचं बटण बंद केलं.

मग सल्ल्यांना ऊत आला, आणि सगळ्यांचा सल्ला एकच. कंडक्टर म्हणाला मध घ्या. झाडूवाली म्हणाली मध घ्या. कॅन्टीनवाल्याने तर बरणीच आणून ठेवली. बघता बघता माइकशेजारी बरण्यांची रांग लागली. बाई मुळात चौकस. चमचा चमचा चाखताना त्यांच्या लक्षात आलं, की यातला एकही मध दुसऱ्यासारखा नाही. एक वाळक्या गवतासारखा फिकट, एक जळक्या साखरेइतका काळा, एकाला शेवटी कडवट चव, आणि एक तर असा घट्ट बसलेला की चमचा उभा राहावा.

“हा गोठलेला टाकून द्या,” कॅन्टीनवाला म्हणाला. “साखरेचा पाक आहे. फसवलं तुम्हाला.”

“पाकच आहे हे तुम्हाला कसं कळलं?” बाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“सगळेच म्हणतात.”

बाईंचं समाधान झालं नाही. पण मध चाटणं चालू राहिलं आणि घोषणाही चालू राहिल्या. शेवटी आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा करकरायला लागला, तेव्हा नवऱ्याने त्यांना धरूनच घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला मोकळी. तिने बारीक कॅमेरा घशात उतरवून पडद्यावर दाखवलं: दोन पांढरट पट्ट्या, आणि दोन्हींवर समोरासमोर एकेक गाठ.

“सुताराच्या हाताला घट्टे पडतात ना, तसे हे तुमच्या स्वरतंतूंना पडलेत. वर्षानुवर्षं घसा ताणून बोललात.”

“आणि मध?” बाईंनी विचारलं.

“मधाने घशाला बरं वाटतं, ते खरंच आहे. खोकला असेल तर झोपताना एक चमचा घ्या, असं मीसुद्धा मोठ्या माणसांना सांगते. पण गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं. स्वरतंतू आहेत श्वासाच्या वाटेवर. मध तिथे पोचतच नाही. चुकून थेंबभर गेलाच, तर ठसका लागून डोळे पांढरे होतील.”

बाई थक्क झाल्या. म्हणजे इतके दिवसांचा तो सगळा मध, न थांबणाऱ्या जलद गाडीसारखा, आपल्या स्थानकाला वळसा घालून पुढे गेला होता!

“आता काही आठवडे तोंडाला कुलूप,” डॉक्टरीण म्हणाली. “कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानेही ताण पडतो. मग आवाजाचे व्यायाम शिकवीन.”

घरी एक पाटी आली, खडू आला. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावून तो दमून यायचा, आणि घरी आल्यावर पुन्हा वाचन. दुसऱ्याच आठवड्यात त्याने हात टेकले.

“अगं, ताईकडे जाऊन राहा थोडे दिवस. मोकळी हवा आहे, गच्ची आहे.”

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. कर्णेबाई आणि त्यांच्या या नणंदबाई, दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकीने हो म्हटलं की दुसरीचं नाही ठरलेलं. बाईंनी पाटीवर ठळक लिहिलं: “भांडण होईल.”

“कसं होईल? तू तर बोलूच शकत नाहीस,” तो म्हणाला, आणि आपल्याच हुशारीवर खूश होऊन बॅग काढायला गेला.

ताईंचं घर गावाच्या कडेला. त्यांनी उभी हयात रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत घालवली होती, लोकांच्या रक्तातली नि लघवीतली साखर मोजण्यात. निवृत्त झाल्यावर म्हणाल्या, आता जरा बऱ्या साखरेकडे बघू, आणि गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या मांडल्या. धाकट्या भावाची बायको पाटी घेऊन दारात उभी राहिलेली पाहून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

“ये. देव माझ्यावर प्रसन्न झालेला दिसतोय.”

पहिले दोन दिवस बाई मूग गिळून बसल्या. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना राहवेना. ताई गच्चीवर जाळीची टोपी घालून पेटी उघडत होत्या. बाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि पाटी पुढे धरली: “मध गोठतो का?”

ताईंनी चष्मा खाली सरकवून वाचलं. “अगं, हे तू मला पंधरा वर्षांत एकदाही विचारलं नाहीस.” मग त्या सांगायला लागल्या. मधात दोन तऱ्हेच्या साखरा. एक जात जास्त असली की तिचे खडे बनतात. फूल कोणतं, थंडी किती, त्यावर ते ठरतं. “गोठला म्हणजे खोटा नव्हे. पातळ राहिला म्हणजे खरा, असंही नव्हे. पाण्यात थेंब टाकून, कागदावर ओतून लोक परीक्षा घेतात ना, त्यावर मी फुटकी कवडी लावणार नाही. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय सांगता येत नाही.”

बाईंनी पाटी पुसली. “औषधी आहे म्हणतात?”

“खोकल्याला आहे. जखमेवरही वापरतात, पण तो दवाखान्यातला, जंतू मारलेला. आपल्या बरणीतला चोपडायचा नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाला तर बोटभरही लावायचा नाही. मधात कधी कधी एका जंतूची बीजं असतात. आपल्या पोटात ती रुजत नाहीत, बाळाच्या पोटात रुजतात. पोर लुळं पडतं. बाकी मध म्हणजे शेवटी साखरच. नैसर्गिक आहे म्हणून वाट्या भरभरून प्यायचा नसतो. मधुमेहवाले मला येऊन सांगतात, ताई, मध चालतो ना? मी म्हणते, रक्ताला विचारा, मला नको.”

त्या दिवसापासून गच्चीवर एक पाटी आणि एक तोंड, असा कारभार सुरू झाला. बाईंना जादाची टोपी मिळाली. धुराच्या डब्यातून हलका धूर सोडायचा, झाकण उचलायचं, मग एकेक चौकट अलगद वर घ्यायची. चौकटीवर माश्यांची अशी दाटी, की लाकूड दिसू नये. बाईंना वाटलं होतं, एवढ्या गर्दीत कुणीतरी हुकूम सोडत असणार. त्यांनी लिहिलं: “राणी कशी सांगते सगळ्यांना?”

“राणी कुणाला काही सांगत नाही. ती बिचारी अंडी घालते. तिच्या अंगाच्या वासावरून बाकीच्यांना कळतं की ती आहे. बस्स.”

“मग कामं कोण वाटून देतं?”

“कुणी नाही.”

बाई पाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. एवढी वर्दळ, एवढी ये-जा, आणि एकही घोषणा नाही! आपण चार मिनिटं गप्प बसलो तर स्थानकावर लोक उलट्यापालट्या गाड्यांत चढतात. हे पचायला त्यांना अवघडच गेलं. त्यांनी ताईंच्या नाकी नऊ आणले. पाणचट मकरंदाचा मध कसा होतो? एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात देत, मग पंखांनी वारा घालून पाणी उडवत. मध साठवलेल्या घराचं तोंड मेणाने लिंपायचं कधी? मध पिकला की. फूल सापडलं तर दुसरीला कसं कळवतात? नाचून. पोळ्यावर अंग थरथरवत सरळ रेघ चालते, किती वेळ थरथरली त्यावरून अंतर, आणि रेघ कोणत्या कलाची त्यावरून सूर्याच्या मानाने दिशा.

“पण पेटीत तर अंधार असतो!” बाईंनी लिहिलं.

“म्हणून बाकीच्या तिला चिकटून चालतात. बघत नाहीत, स्पर्शाने समजून घेतात.”

बाईंना तो नाच बघायचा होता. पण पेटी उघडली की उजेडाने गोंधळ उडायचा आणि नाच मोडायचा. त्यांची ती हौस फिटली ती भलत्याच ठिकाणी.

एका सकाळी दोन नंबरच्या पेटीतून माश्यांचा लोंढा बाहेर पडला. घर भरलं की निम्म्या माश्या जुन्या राणीला घेऊन नवं घर शोधायला निघतात, हे ताईंनी सांगितलं होतं, पण ते ऐकणं वेगळं आणि डोळ्यांसमोर आकाश गुणगुणायला लागणं वेगळं. दोघी थव्यामागे रस्त्याने धावत सुटल्या. थवा घिरट्या घालत गेला आणि कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयाच्या पाटीला लटकला. हां हां म्हणता हातभर लांब घोस झाला.

“दाढी करायच्या दुकानालाच दाढी फुटली की!” रस्त्यावरचा एकजण ओरडला.

“मी रिकामी पेटी आणि शिडी घेऊन येते. कुणाला हात लावू देऊ नकोस,” असं म्हणून ताई माघारी पळाल्या. बाई एकट्या उरल्या. आत खुर्चीवर एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस लावून थिजलं होतं. न्हावीदादाने आणखीच कहर केला: केरसुणीला वर्तमानपत्राचा बोळा बांधला, पेटवला आणि बाहेर आला.

बाईंच्या घशाशी शब्द आला. “थांबा!” एवढंच ओरडायचं होतं, आणि ते ओरडायला साऱ्या गावात त्यांच्याइतकं लायक कुणी नव्हतं. पण पडद्यावरच्या त्या दोन गाठी डोळ्यांपुढे आल्या. त्या सरळ न्हाव्याच्या आणि घोसाच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या, एक हात आडवा धरला आणि गुडघ्यावर पाटी टेकवून लिहिलं: “जाळलंत तर चवताळतील. न छेडता सोडलंत तर बहुधा काही करणार नाहीत. घर शोधताहेत.”

न्हाव्याने वाचलं. ज्वाळा बोटांपर्यंत आली तशी केरसुणी खाली टाकून पायाने विझवली. “पण माझ्याच दुकानावर का?”

“तुमच्या दुकानात राहायचं नाही त्यांना. वाटेतला थांबा आहे हा.”

“बाई, तुम्हाला बोलता येत नाही का?”

यावर बाईंनी आपल्या घशाकडे बोट दाखवलं. तोवर गर्दी जमली होती. मागचे पुढच्यांना विचारत होते, काय लिहिलंय, आणि पुढचे मोठ्याने वाचून दाखवत होते. गर्दी मागे सारायला बाईंनी दोन्ही हात पसरले आणि वळून घोसाकडे पाहिलं. आणि बघतच राहिल्या. भर उन्हात, घोसाच्या पाठीवर, एक माशी अंग थरथरवत सरळ रेघेत चालत होती. मग वळसा घालून परत, पुन्हा तीच रेघ. चार-पाचजणी तिच्या मागे. जरा खालच्या अंगाला दुसरी एक, तिची रेघ भलत्याच दिशेला. त्यांनी भराभर लिहिलं: “बघा! ती नाचतेय ती जागेचा पत्ता सांगतेय. खालचीला दुसरी जागा पसंत आहे.”

“मग ठरणार कसं?” फेसवाल्या गिऱ्हाइकाने काचेआडून ओरडून विचारलं, कुतूहलापोटी तो दारापर्यंत आला होता.

“त्या जाऊन दोन्ही जागा पाहून येतील. जिच्या बाजूने जास्त नाचतील, ती जागा.”

“आमच्या सोसायटीच्या सभेपेक्षा बरं,” न्हावीदादा म्हणाला. एव्हाना तोही मान वाकडी करून नाच बघत होता.

ताई पेटी घेऊन आल्या, शिडीवर चढल्या आणि दुकानाच्या पाटीला एक सणसणीत हिसका दिला. घोस धप्पकन पेटीत पडला. आता कशा राहतील आत, म्हणून बाई बघत होत्या, तर काही माश्या पेटीच्या दाराशी येऊन शेपटाकडचा भाग वर करून पंख हलवायला लागल्या. त्यांच्या वासाच्या मागावर मागे राहिलेल्या माश्या एकेक करून आत शिरल्या. संध्याकाळी दोघींनी पेटी उचलून घरी नेली. वाटेत ताई म्हणाल्या, “मी असते तर त्या न्हाव्याशी भांडत बसले असते.” ताईंच्या तोंडून इतकी स्तुती बाईंनी पूर्वी कधी ऐकली नव्हती.

बाई घरी परतल्यावर पुढच्या तपासणीत गाठी बारीक झालेल्या दिसल्या. रोज थोडी मिनिटं बोलायची परवानगी मिळाली. पहिल्या दिवसाची सगळी मिनिटं बाईंनी ताईंना फोन करून खर्च केली: “ताई, तुम्ही म्हणालात नर माश्या काहीच काम करत नाहीत. मी वाचलं, पोळं उबदार ठेवायला त्यांचाही हातभार लागतो.” पलीकडून ताई म्हणाल्या, “झाली का सुरुवात?”

व्यायाम करकरून आवाज परत आला, पण तोच नाही. जरा खालचा, जाडसर. बाई पुन्हा माइकसमोर बसल्या तेव्हा ड्रायव्हर म्हणाले, नवीन बाई आल्या वाटतं. आता त्या घसा ताणत नाहीत, जवळ पाण्याचा तांब्या ठेवतात. मधाने बऱ्या झालात ना, असं कुणी विचारलं की सरळ सांगतात, “नाही हो, गप्प बसून झाले. मध आवडतो म्हणून खाते.” हे उत्तर विचारणाऱ्याला फारसं रुचत नाही, असा त्यांचा अनुभव आहे.

सुटीच्या दिवशी त्या गच्चीवर असतात. अलीकडे न्हाव्याच्या पाटीवरून आणलेल्या त्या पेटीतल्या माश्या पायांना निळसर परागकणांचे गोळे चिकटवून आणताहेत. पिवळे, केशरी, मातकट सगळे ओळखीचे. निळे ताईंनीसुद्धा कधी पाहिले नव्हते. ताईंच्या मते ते गिरणीमागच्या पडीक जमिनीतलं कसलंतरी तण. बाई म्हणतात, माश्या येतात नदीच्या अंगाने, मग गिरणी कशी? परवा दोघी भरउन्हात छत्र्या घेऊन निघाल्या. तण सापडलं, त्याचे पराग पांढरे निघाले. येत्या रविवारी नदीकाठ बघायचा ठरला आहे.