खाटेवरून पाहिलेले सिनेमे

ग्रुपवर 'नवा कुठला पिक्चर पाहिला, कसा वाटला' ही चर्चा रंगली की मी सहसा नुसती वाचते. मतं नाहीत असं नाही... पिक्चरवरची मतं मी घरात पोटभर ऐकली आहेत. परवा जुन्या आणि नव्या सिनेमांवरून इथे वाद झाला तेव्हा बाबांची फार आठवण आली, म्हणून आज लिहितेय. आधीच सांगते, मी सायन्सची पदवीधर. दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आलेल्या आईला मी परत स्वयंपाकघरात पाठवत असे. आजही भूत, आत्मा यातलं काही मला पटत नाही. जे घडलं ते तसलंच काही होतं, असंही मी म्हणणार नाही. फक्त घडलं तसं सांगते.

आम्ही इंदूरचे. आजोबा खानदेशातून इथल्या कपड्याच्या मिलमध्ये नोकरीला आले आणि बाबाही तिथेच लागले, विव्हिंग खात्यात. परदेशीपुऱ्याजवळ मिलच्या चाळीत आमचं घर होतं. बाबांच्या शेजारच्या लूमवर रामरतन चाचा असायचे. इंदूरजवळच्या हातोदचे, पक्के माळवी. बाबांपेक्षा थोडे लहान, म्हणून बाबांना 'भिया' म्हणायचे, म्हणजे इंदुरी 'भैया'. दोघांना एकच नाद – पिक्चर. पहिली पाळी सुटली की परस्पर टॉकीजला, तीनच्या शोला. अंगाला कापसाचे तंतू अजून चिकटलेले असायचे. आणि घरी परतताना रस्ताभर वाद.

"याला रडणारा हिरो आवडतो," बाबा चपला काढता काढता आईला सांगायचे. "अरे, हिरोनं रडायचं नाही, आम्हाला रडवायचं!"

"भाभी, भिया को तो बस पुरानी पिच्चर चाहिए," चाचा दारातूनच ओरडायचे. "रंगीन देखते हैं तो इनकी आँख दुखती है।"

पिक्चर चालू असतानाही चाचा मोठमोठ्यानं बोलत. लोक शुक शुक करायचे. बाबांना त्याची लाज वाटायची, पण दुसऱ्या कुणाबरोबर ते कधी गेले नाहीत.

मग नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद पडली. आधी एक पाळी, मग खातं, मग सगळंच. कामगार गेटवर धरण्याला बसले. बाबा रोज जायचे, धुतलेला शर्ट घालून, कामावर निघाल्यासारखे. एक दिवस चाचा त्यांना तिथे सगळ्यांसमोर म्हणाले, "भिया, अब ये नहीं खुलेगी। घर चलो। कोई दूसरा काम देखते हैं।"

बाबा म्हणाले, "तू जा. आणि परत मला तोंड दाखवू नकोस."

चाचा गेले. हातोदच्या मंडीत धान्य तोलायच्या कामाला लागले. बाबा बसून राहिले. नंतर धरणंही उठलं. चाळ सोडावी लागली आणि आम्ही अन्नपूर्णा मंदिराकडे दोन खोल्यांत आलो. मला पलासियाला एका ऑफिसात नोकरी लागली होती, तिच्यावर घर चालायचं. बाबा पिक्चरला जायचे थांबले. कुठेच जायचे थांबले, खरं तर. वर्षभरात त्यांना लकवा मारला. उजवा हात-पाय गेला. बोलणं हळूहळू परत आलं, पण माणूस खाटेला खिळला. खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी. तिथून समोरची भिंत दिसायची, बस.

त्यानंतरच्या एका शुक्रवारची गोष्ट. मी ऑफिसमधून आले तर बाबा उशीला टेकून बसलेले आणि चेहऱ्यावर कधी नव्हे ती तरतरी.

"आजचा पिच्चर फोकट होता, काही दम नाही," ते म्हणाले.

आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

"कुठला पिक्चर, बाबा?"

त्यांनी नाव सांगितलं. त्याच दिवशी लागलेला पिक्चर होता तो. "हिरोईन एकदम बर्फातच जाऊन नाचते. आत्ता तर गावात होती! पण तिच्या बापाचं काम केलंय ना, तो माणूस चांगला. मुलीला निरोप देऊन दार लावतो, आणि मग कडीवरून त्याचा हात निघतच नाही... तेवढ्यासाठी बघावा." मग जरा हसले. "हा तर रडलाच."

"हा म्हणजे कोण?"

बाबांनी मान खिडकीकडे वळवली.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मेंदूला मार बसल्यावर असे भास होतात, वाद घालू नका. मला पटलं. नाव रेडिओवर ऐकलं असेल, बाकीचं मनानं रचलं असेल. पण पुढच्या शुक्रवारी दुसरा पिक्चर. मग आणखी एक. दुपारी तीनच्या सुमारास बाबा डोळे मिटून पडायचे, आई म्हणायची, ओठ हलतात, मधेच हसतात. आणि संध्याकाळी मला आपलं मत सांगायचे. नव्यातला एखादा आवडायचासुद्धा. एकदा कुठेतरी जुना कृष्णधवल पिक्चर परत लागला होता, त्या दिवशी तर त्यांनी जेवताना अख्खी गोष्ट सांगितली. "आता असे कॅमेरे नाहीत का गं लोकांकडे? माणसाच्या तोंडावर इतका वेळ कुणी थांबत नाही आता," म्हणाले.

आईला भीती वाटायची. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगू... बरंही वाटायचं. बाबा बोलत होते.

एका शुक्रवारी ते चिडलेले होते. "इंटरवलच्या आधी रील जळली. पडद्यावर तपकिरी डाग पसरत गेला. लोकांनी शिट्या मारमारून डोकं उठवलं. मग चालू केला तर दुसरीच रील, मेलेला माणूस परत जिवंत!"

हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर सुटून मी राजवाड्याजवळच्या, बाबा आणि चाचांच्या नेहमीच्या टॉकीजवर गेले. गेटकीपर जुना होता, मला लहानपणापासून ओळखणारा. कालच्या तीनच्या शोला काही गडबड झाली होती का, एवढंच विचारलं.

"अरे बेटी, मत पूछो। रील जल गई। फिर ऑपरेटर ने गलत रील चढ़ा दी। मरा हुआ आदमी चलने लगा, पब्लिक ने कुर्सियाँ तोड़ दीं।" मग तो म्हणाला, "तुमको रामरतन भिया ने बताया क्या? वो थे कल। हर शुक्करवार आते हैं, हातोद से।"



"कुणाबरोबर येतात?"

"अकेले। पर बाजू की सीट पर गमछा डाल देते हैं, किसी को बैठने नहीं देते। और पूरी पिच्चर उस सीट से बोलते रहते हैं। लोग हँसते हैं... मैं कुछ नहीं कहता।"

पुढच्या शुक्रवारी मी रजा टाकली आणि टॉकीजच्या दारात उभी राहिले. चाचा आले. केस पांढरे झालेले, खांद्यावर गमछा. मला पाहिलं आणि परत फिरायला लागले. मी हात धरला. बाबांना लकवा झालाय हे त्यांना माहीत होतं. भेटायला का आला नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, "भिया ने मना किया था, मुँह मत दिखाना। कैसे आता?"

मी त्यांना बाबांच्या पिक्चरचं काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "चला."

आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. बाबा डोळे उघडे ठेवून दाराकडेच बघत होते. आई नंतर म्हणाली, आज ते झोपलेच नाहीत, 'आज पिच्चर नाही' म्हणाले होते.

चाचा उंबऱ्यातच थांबले. मग बाबांनी डाव्या हातानं खाटेची कड थोपटली. चाचा येऊन बसले.

"पिछले महीने की वो मिल वाली पिच्चर," बाबा म्हणाले, "जिसमें सेठ आख़िर में सुधर जाता है, मिल खोल देता है। एकदम झूठी थी। तू इतना रो क्यों रहा था?"

चाचांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "आपको किसने बताया?"

"बताएगा कौन? इतना ज़ोर से बोलता है तू पिच्चर में. सुनाई तो देगा ही."

चाचा खाली वाकले, गमछ्यात तोंड खुपसलं. तसेच म्हणाले, "आपके लिए रोया था भिया। सोचा, आप होते तो खुश होते... मिल खुल गई देखके।"

बाबा छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तूने सही कहा था, रामरतन. नहीं खुलने वाली थी."

आई चहा करायच्या निमित्तानं आत गेली. मीही तिच्यामागे गेले.

त्यानंतर चाचा टॉकीजला जायचे बंद झाले. शुक्रवारी सरळ आमच्याकडे यायचे, खाटेशी बसायचे, आणि दोघं जुन्या पिक्चरांवर तावातावानं भांडायचे. बाबांना परत कधी 'दिसलं' नाही. मी एकदा विचारलंसुद्धा, तेव्हा कसं दिसायचं? ते म्हणाले, "दिसायचं कुठं? हा सांगायचा, मी ऐकायचो." हातोदच्या माणसानं राजवाड्याजवळ बसून सांगायचं आणि अन्नपूर्णेला खाटेवरच्या माणसानं ऐकायचं... यात चमत्कारिक काही आहे, असं त्यांना वाटतच नव्हतं.

त्या थंडीत बाबा गेले. पहाटे, झोपेतच.

चाचा तेरा दिवस आले, मग येईनात. उन्हाळ्यात कुठलासा जुना पिक्चर परत लागला तेव्हा मीच त्यांना घेऊन टॉकीजला गेले. माझ्या मनात काय होतं ते इथे लिहायला संकोच वाटतो, पण तुम्ही समजून घ्याल. बाबांना इतकं ऐकू येत होतं, तर आता उलट्या बाजूनं, चाचांना, का नाही? चाचा मध्ये बसले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूच्या सीटवर त्यांनी गमछा टाकला. पिक्चर सुरू झाला आणि चाचाही सुरू झाले. आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात. "देखो भिया, अब आएगी वो... हाँ, ये वाला गाना।" मागून कुणीतरी ओरडलं.

इंटरवलला दिवे लागले. मी धीर करून विचारलं, "चाचा... काही ऐकू आलं?"

त्यांनी मान हलवली. "नहीं बेटी। मुझे तो पहले भी कभी कुछ नहीं सुनाई दिया। सुनते तो भिया थे।"

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. रीलचं मी पडताळून पाहिलं, एवढंच. डॉक्टर, ऑफिसातले शहाणे लोक, सगळ्यांना सांगून झालं. कुणी योगायोग म्हणालं, कुणी हसलं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

इंटरवल संपून दिवे गेले. चाचांनी सीटवरचा गमछा जरा सारखा केला, तिकडे झुकले आणि पुन्हा बोलायला लागले. मागचा माणूस परत ओरडला. मी वळून त्याला म्हटलं, "भिया, बोलने दो उनको।"