गोल फेरीचे दोन्ही रस्ते बंद

"जोशी, हा रस्ता पुढे कुठे जातो?" साहेबांनी विचारलं.

रस्ता पाण्यात जात होता. मागचाही पाण्यात गेला होता. मध्ये मिठागराचा बांध, आणि त्या बांधावर एका रांगेत उभी तीसेक माणसं. पुढे मंत्रालयातून आलेले चीफ गेस्ट, कोट आणि पॉलिश केलेल्या बुटांत. सर्वांत मागे मी, हातात नकाशाची गुंडाळी. तो नकाशा मीच काढलेला असल्यामुळे त्याच्याकडे बघण्यात अर्थ नव्हता.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एका सरकारी खात्यात ज्युनियर इंजिनियर म्हणून वसईला नवा लागलो होतो. मूळचा पुण्याचा. पाण्याशी संबंध नळापुरता. नदी एकाच दिशेला वाहते हे मी इतकं गृहीत धरून चाललो होतो, की त्याला ज्ञान समजत होतो.

साहेबांच्या डोक्यात एक स्कीम आली होती. लोक किल्ला बघतात आणि निघून जातात. त्याऐवजी एक 'सर्क्युलर वॉक' करायचा. किल्ल्याच्या दरवाजातून निघायचं, खाडीच्या कडेने पाचूबंदर, तिथून जुन्या मिठागराच्या बांधावरून कालवा ओलांडायचा आणि आमराईतून पुन्हा दरवाजाशी. दीड-दोन तासांची फेरी. रूट आखायचं काम माझ्याकडे आलं.

माझं प्रोबेशन संपत आलं होतं. लग्नही ठरलं होतं, पण मुलीच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "कन्फर्मेशनची ऑर्डर दाखवा, मग तारीख काढू." त्यामुळे या कामात मी जीव ओतला. ऑफिसच्या दिवशी वेळ मिळेना म्हणून रविवारी गेलो. सकाळी नऊला निघून टिपणं घेत घेत अकराच्या सुमाराला कालव्याशी पोचलो. कालव्यात पाऊलभर चिखल आणि मधोमध मांडलेले दगड. टुणटुण उड्या मारत पलीकडे गेलो. मधला रविवार पुण्याला मुलीकडे जाण्यात गेला. म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा येऊन सगळं तपासलं. तोच चिखल, तेच दगड. वहीत लिहिलं, 'क्रॉसिंग सेफ. दोनदा तपासले.' खाली दोन रेघा मारल्या.

त्या दुसऱ्या खेपेला मिठागरावरचे नामदेवकाका भेटले. काटक म्हातारे, उन्हाने रापलेले. कालव्याच्या तोंडाशी लाकडी फळ्यांची उघाडी असते. ती उचलली की भरतीचं पाणी मिठागरात शिरतं, टाकली की बंद. ती उघाडी काका सांभाळायचे.

"लोकं कुठल्या तिथीला येनार, सायेब?"

"पुढच्या रविवारी."

"वार नको, तिथी सांगा."

मी हसलो. माझ्यातला विज्ञाननिष्ठ पुणेकर जागा झाला होता. म्हणालो, "काका, सरकारी कामाला मुहूर्त लागत नाही."

काका म्हणाले, "बरं," आणि फळीला लागलेली शेवाळ खरवडायला लागले.

उद्घाटन त्या पुढच्याच रविवारी होतं. वाटेवर मी रंगवून घेतलेल्या बाणांच्या पाट्या ठोकलेल्या होत्या. पाचूबंदरला मासे वाळत घातलेले पाहून चीफ गेस्टनी नाकाला रुमाल लावला, पण एकूण खूश होते. साडेदहाला आम्ही कालव्याशी आलो.

कालवा नव्हताच. होतं ते काठोकाठ पाणी, आत घुसणारं. दगड कुठे असतील ते मला आठवत होतं, एवढाच काय तो पुरावा. 'पुढे चला' लिहिलेली माझी एक पाटी मिठागराच्या दिशेने तरंगत निघाली होती. तिने मात्र सूचना पाळली. मागे वळलो तर खाडीकडेचा सखल तुकडाही बुडालेला.

काका उघाडीवर बसले होते. साहेब ओरडले, "अहो, ते फाटक बंद करा! अर्ध्या तासात पाणी उतरेल."

"उतरंल," काका शांतपणे म्हणाले. "पन ही पुनवेची मोठी भरती, सायेब. आज पानी नाय घेतलं तर पंधरा दिस आगर सुकं. पोरांनी काय खायाचं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "जोशी, तुमच्या ओळखीचे आहेत ना? सांगा त्यांना."

मला माझं कन्फर्मेशन दिसत होतं, आणि सासरेही. तोंडातून निघून गेलं, "नको साहेब. त्यांनी मला विचारलं होतं. चूक माझी आहे."

हे शौर्य नव्हतं. काकांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना फाटक टाकायला सांगायची मला लाज वाटली, एवढंच. बोलल्याबरोबर पश्चात्तापही झाला.

मग तीस माणसं बांधावर उकिडवी बसली. काकांनी माठातलं पाणी दिलं. आणि हिशेब समजावला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आज पुनव, म्हणजे सव्वाअकरा. सप्तमीला सव्वापाच, म्हणून सहा तासांनी, अकराच्या पुढे, ठार ओहोटी. मी मनात आकडेमोड केली. माझे दोन्ही रविवार सातम-आठमच्या आसपासचे होते. एकाआड एक रविवार गेलात तर खाडी तुम्हाला तेच रूप दाखवते. मी नेमका मधला रविवार सोडला होता, आणि नेमका तसलाच रविवार पाहुण्यांना दिला होता.

"इंजिनियर ना तुम्ही?" चीफ गेस्टनी विचारलं. पाऊणपट त्यांनी माझ्याआधी केली होती.

दीड वाजता गुडघाभर पाणी राहिलं. मंत्रालयाने बूट हातात घेतले, पॅन्ट वर दुमडली आणि काकांच्या खांद्याला धरून कालवा ओलांडला. किल्ल्यावरचं जेवण गारढोण झालं होतं. भाषण कुणीच केलं नाही.

कन्फर्मेशन सहा महिने पुढे गेलं. लग्नही पुढे गेलं. मुलीच्या वडिलांना पत्रात खरं कारण लिहिलं. उलट टपाली मुलीचंच पत्र आलं, "सहा महिने थांबते. बुडाला नाहीत ना?" ते पत्र मी दिवसभरात किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

खात्याने लेखी खुलासा मागवला. मी लिहिलं, 'स्थळपाहणी दोनदा केली होती.' साहेबांनी त्यावर लाल शाईने शेरा मारला, 'दोन्ही वेळा ओहोटीलाच. म्हणजे एकदाच.' तो शेरा माझ्या सर्व्हिस फाईलमध्ये रिटायर होईपर्यंत राहिला.

पुढे मीच साहेब झालो. हाताखालचा एखादा तरुण इंजिनियर छाती काढून सांगायचा, "सर, साइट दोनदा पाहिली." मी त्याला दोनच प्रश्न विचारायचो. तिथे रोज राबणारा माणूस काय म्हणाला? आणि तो सांगत होता तेव्हा तुम्ही हसलात का?

दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण खाली बघत.