तीन विसावे

भिकू आमच्या गावचा कोतवाल. मुळशीच्या डोंगरातली एकूण एक पायवाट त्याच्या पायाखालची. बासष्टच्या श्रावणात वरच्या वाडीवर दरड कोसळली तेव्हा मामलेदारांनी नकाशा बाजूला सारला आणि त्यालाच विचारलं. वाडीची बारा घरं कणग्यांसकट गाडली गेली होती. वाचलेली माणसं तीन दिवस देवराईत उपाशी बसली होती. त्यांत भिकूची विधवा बहीण तुळजाबाई होती, तिच्या दोन पोरी होत्या.

धान्य कुठं वाटायचं एवढाच प्रश्न होता. जीप खालच्या मारुतीपर्यंत येत होती. वर खिंडीतल्या शाळेत न्यायचं तर हमाल लागणार, दिवस मोडणार. मारुतीपासून वाडी किती लांब, असं साहेबांनी विचारलं.

"तीन विसावे," भिकू म्हणाला.

इकडे कोस कोण मोजतो? डोक्यावरचा बोजा जितक्यांदा टेकवावा लागतो, तितके विसावे. वाडीवरून मोळी घेऊन बाजाराला उतरताना मारुतीपर्यंत तीनदाच टेकावं लागतं. साहेबांनी मारुती ठरवला. मीही तिथं होतो, शहाण्यासारखी मान डोलावली. मोळी खाली येते आणि धान्य वर न्यायचं असतं, हे आमच्या एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई अंगात ताप घेऊन मारुतीला उतरली. भिकूला तिच्यासोबत जायचं होतं, पण साहेबांनी त्याला धान्याच्या मापावरून हलू दिलं नाही. दहा शेर तांदळाचं बोचकं डोक्यावर घेऊन ती एकटीच निघाली.

दुपार कलल्यावर भिकू आणि मी वर निघालो. तिसऱ्या विसाव्याला ती नव्हती. सहाव्याला दिसली, दगडाला टेकून, बोचकं मांडीवर घेऊन. वाडीची माणसं तिच्यासमोरून गेली होती. विसाव्याला बसलेल्याला हाक मारायची नाही, दम मोडतो, अशी आमच्याकडची रीत. भिकूनंही हाक मारली नाही, समोर बसून राहिला. मग हात लावला. ती गार पडली होती.

"चढनीचं म्या मोजलंच न्हाई," तो म्हणाला.

मला तिच्यापाशी बसवून तो बोचकं घेऊन वर गेला. पोरींनी आई कुठाय विचारलं, तेव्हा मागनं येतीया म्हणाला. ओल्या लाकडांवर त्यानं भात शिजवला. पोरी पोटभर जेवल्या. मग त्यानं सांगितलं.